कॅमेरा कुणाच्या गळ्यात?

मिक्सर घ्यायचा असो की शिलाई मशीन, आपण बायका दहा जणींना विचारतो. किती वॅटचा आहे, गॅरंटी किती, भांडी स्टीलची आहेत का... सगळी उलटतपासणी! पण कॅमेरा घ्यायचा म्हटलं की विषय आपोआप घरातल्या पुरुषांकडे जातो. ‘तुला त्यातलं काय कळतं?’ असं कुणी म्हणायच्या आतच आपण मागे सरकलेल्या असतो.

आमच्या साखरखेर्ड्यात बचत गटाच्या बैठकीत मध्यंतरी हा विषय निघाला. गटातल्या एकीची सून बी.ए. झालेली, मोबाइलवर सुरेख फोटो काढते. डोहाळेजेवण, बारसं, हळद अशा कार्यक्रमांत बायकांना मोकळेपणा हवा असतो. फोटो काढायला बाईच असेल तर बरं, असं सगळ्याच म्हणतात. पण बाई फोटोग्राफर आणायची कुठून? ते काम करायला ही मुलगी तयार होती. प्रश्न एवढाच, की कॅमेरा कोणता घ्यायचा? एक होता खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, वापरलेला, ओळखीतून बारा हजारांत मिळणारा. दुसरा नवा मिररलेस, त्या जातीतला सगळ्यात साधा, तरी लेन्ससकट साठ हजारांच्या घरात.

“साठ हजार? एवढ्यात म्हैस येते व माय!” तिच्या सासूबाई म्हणाल्या. दुसरी म्हणाली, “हातात मोबाइल हाये, मंग कॅमेरा कायले पाह्यजे?” दोघींचंही म्हणणं रास्त होतं. म्हणून म्हटलं, आधी ही वस्तू काय आहे ते तर नीट समजून घेऊ.

पूर्वी कॅमेऱ्यात जिथे फिल्म असायची, तिथे आता सेन्सर असतो. त्याच्यावर प्रकाश पडतो आणि त्याचा फोटो होतो. अंगणात पावसात एक वाटी ठेवली आणि एक परात ठेवली, तर पाणी जास्त कशात जमेल? तसंच हे. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर असतो साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटर, म्हणजे आपल्या कपाळावरच्या टिकलीएवढा. सुरुवातीच्या बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांचा असतो साधारण २२ बाय १५ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ बारापट! म्हणून संध्याकाळच्या अंधूक उजेडात मोठा सेन्सर बाजी मारतो. दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे सांगून भुलवतो, पण आपण विचारायचं ते सेन्सरचं माप.

आणि ‘मिररलेस’ म्हणजे काय? लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात जे जाडजूड कॅमेरे आपण वर्षानुवर्षं पाहिले, त्यांच्यात लेन्सच्या मागे एक आरसा असायचा. फोटो काढताना तो खटकन वर उचलला जायचा. २००८ साली पॅनासॉनिक कंपनीने जी-१ हा कॅमेरा आणला. त्यात आरसाच नव्हता, पण लेन्स मात्र बदलता येत होती. आरसा गेला, कॅमेरा हलका झाला. आज सुरुवातीचा मिररलेस लेन्ससकट साधारण अर्धा किलो भरतो. कॉम्पॅक्ट पाव किलोच्या आसपास, पर्समध्ये पावडरच्या डबीशेजारी बसणारा.

मोबाइलवाल्या मैत्रिणीचा मुद्दाही खोटा नाही. मोबाइलनेच तर छोट्या कॅमेऱ्यांचा बाजार खाल्ला. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते, त्यातले बहुतेक छोटेच. २०२३ साली सगळे मिळून ८० लाखसुद्धा भरले नाहीत. म्हणून आज नवा कॉम्पॅक्ट घ्यायला गेलं तर एक तर अगदीच साधा मिळतो, नाही तर मिररलेसइतकाच महाग. साधा कॉम्पॅक्ट घेणार असाल, तर तुमच्या हातातल्या मोबाइलपेक्षा तो काय जास्त देतो, हे आधी बघा. बहुधा उत्तर एकच निघेल, लांबचं जवळ आणणारा झूम.

नुसत्या बोलण्याने आमचं समाधान होईना. ओळखीच्या एका स्टुडिओवाल्यांकडून मिररलेस एका दिवसासाठी मागून आणला, कॉम्पॅक्टही आणला, आणि दोन्ही घेऊन ही मुलगी एका डोहाळेजेवणाला गेली. संध्याकाळची सातची वेळ, घरात दोन ट्यूबलाइट. ओटी भरणारीचा हात काही थांबत नाही! कॉम्पॅक्टमध्ये फ्लॅश लावला तर चेहरे पिठासारखे पांढरे, फ्लॅश बंद केला तर हात पुसट. मिररलेसमध्ये सोबत मिळणारी साधी लेन्स लावली. फोटो बरे आले, पण साठ हजारांच्या मानाने? तेवढे नाही!

असं का, तर परात मोठी असली तरी वरची पन्हाळ चिंचोळी होती. लेन्सचं तोंड किती उघडतं, ते तिच्यावरच्या आकड्यावरून कळतं. आकडा लहान, तितकं तोंड मोठं. सोबत येणाऱ्या लेन्सचा आकडा बहुधा ४.५ ते ६.३ असा असतो. स्टुडिओवाल्यांनी १.८ आकड्याची ५० मिलिमीटरची लेन्सही दिली होती. ५.६ च्या तुलनेत ती नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. ती लावली आणि हिरव्या साडीचा, फुलांच्या वाडीचा, गर्भारशीच्या चेहऱ्यावरच्या लाजेचा फोटो असा आला की सासूबाई चष्मा पुसून परत बघायला लागल्या. तेव्हा मैत्रिणींनो, मिररलेसचा हिशेब करताना एका मोठ्या तोंडाच्या लेन्सचे पैसे त्यात धराच. नाही तर परात आणून पन्हाळ विसरल्यासारखं होईल.

मग छोटा कॅमेरा बाद का? मुळीच नाही. दिवसाच्या स्वच्छ उन्हात, सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यासमोर किंवा लोणारच्या सरोवराकाठी काढलेले दोन्हींचे फोटो मोबाइलच्या पडद्यावर पाहिले तर फरक चटकन सांगता येणार नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेतून नातीचा नाच टिपायचा, तर भरपूर झूमवाला कॉम्पॅक्टच कामाला येतो. मिररलेसला त्यासाठी वेगळी, जड आणि महाग लेन्स लागते. मिररलेसची लेन्स बदलताना आत धूळ जाते, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे धुळीला काय तोटा?

माझ्या कामात मला स्वतःला छोटाच कॅमेरा बरा वाटतो. गळकी पाण्याची टाकी, अंगणवाडीचं मोडकं दार, बैठकीची हजेरी, हे टिपायला तो पुरतो. शिवाय मोठा कॅमेरा समोर धरला की आपल्या बायका पदर सारखा करून ताठ बसतात, बोलणं बंद! छोट्याकडे त्यांचं लक्षही जात नाही. पण फोटो काढून ज्यांना मिळकत करायची आहे, त्यांचं काम अंधूक उजेडातलं आणि माणसं हलती. तिथे छोटा पुरा पडत नाही.

आता पैशाचं बघू. गटाकडून साठ हजार दोन रुपये शेकड्याने घेतले, तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज होतं बाराशे. एका कार्यक्रमाचे दीड हजार धरले, तर महिन्यातला एक कार्यक्रम व्याजातच गेला. मुद्दल फेडायला वर आणखी तीन-चार हवेत. लग्नसराईत जमेल, पण पावसाळ्यात? म्हणून ठरलं, की हप्ता लग्नसराईत मोठा आणि आषाढ-श्रावणात लहान.

हे सगळं जुळत आलं, तेवढ्यात घरातून वेगळाच सूर निघाला. तिचे दीर म्हणाले, “मोठाच घ्या. लग्नाच्या ऑर्डरी मी घेतो, वहिनी घरी बसून अल्बम लावतील.” ऐकायला किती सोयीचं! कर्ज तिच्या नावावर, कॅमेरा भावजींच्या गळ्यात. शिलाई मशीन बायकांकडे राहतं, पण वस्तू जरा रुबाबदार झाली की ती हळूच हात बदलते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. खरं सांगते, एका क्षणी मला वाटलं, त्यापेक्षा बारा हजारांचा छोटाच घ्यावा, निदान तो तिच्या पर्समध्ये तरी राहील!

पण म्हणून तिने कमी प्रतीची वस्तू का घ्यावी? अशा वेळी मला होमाई व्यारावाला आठवतात. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. पुढे दिल्लीत साडी नेसून, सायकलवरून त्या कामाला जात. त्यांच्याकडेही दोन तऱ्हेचे कॅमेरे होते, एक धिप्पाड स्पीड ग्राफिक आणि एक सुटसुटीत रॉलिफ्लेक्स. काम बघून त्यांनी कॅमेरा उचलला, ‘बाईमाणसाला झेपेल का’ हे बघून नव्हे. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

त्या मुलीला आम्ही बैठकीतच विचारलं, “तुला काय पाहिजे?” ती क्षणभर सासूबाईंकडे बघत राहिली. मग म्हणाली, “काकू, मोठाच घ्यायचा. पण बिल माझ्या नावाचं पाहिजे.” आणि दिरांना म्हणाली, “भावजी, तुम्हाला लागला तर न्या की. दिवसाचं भाडं द्या.” बैठकीत हशा पिकला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण कर्जाच्या अर्जावर जामीन म्हणून पहिला अंगठा त्यांचाच उमटला.

तुम्हीही घेणार असाल, तर एवढं ध्यानात ठेवा. फोटो घरच्यांसाठी की कमाईसाठी, उजेड दिवसाचा की ट्यूबचा, आणि वस्तू रोज वापरणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी कागदावर लिहा. पक्कं बिल आणि भारतातली गॅरंटी घ्या. वापरलेला कॅमेरा असेल तर लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी नाही ना, ते बघा. दुसरी बॅटरी लागतेच, कारण लाइट कधी जाईल सांगता येत नाही. ट्यूबच्या उजेडात आवाज न करणारं शटर वापरू नका, फोटोवर आडवे पट्टे येतात. आणि पावसाळ्यात कॅमेरा कपाटातल्या दमट कप्प्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पापडाचा डबा कसा जपायचा, ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हाही तसाच जपायचा.