चिगोंग: जुनं किती, खरं किती

‘पाच हजार वर्षांची प्राचीन विद्या’ या शब्दांशिवाय चिगोंग या चिनी व्यायामपद्धतीची जाहिरात पुरी होत नाही. त्यातले व्यायाम जुने आहेत, यात वाद नाही. हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुइ इथल्या, इ. स. पू. 168मधल्या थडग्यात रेशमी कापडावरचं एक चित्र सापडलं. त्यात 44 माणसं आहेत, बायकाही आहेत आणि पुरुषही. कुणी वाकलंय, कुणी हात ताणलेत. पण अशा नाना प्रकारांची ‘चिगोंग’ नावाखाली मोट बांधली गेली ती विसाव्या शतकात. ल्यू गुइझन या कम्युनिस्ट कार्यकर्त्याला पोटातल्या अल्सरवर श्वसनाच्या अभ्यासानं गुण आला. मग 1950च्या दशकात देवधर्म आणि मंत्रतंत्र गाळून सरकारी आरोग्यधामांत त्याचे उपचार सुरू झाले.

भारतीयांना सुखावणारी एक कथाही सांगितली जाते: बोधिधर्मानं शाओलिनच्या भिक्षूंना ‘यीजिनजिंग’ या ग्रंथातले व्यायाम शिकवले. बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला, आणि तो ग्रंथ अभ्यासकांच्या मते सतराव्या शतकातला. तेव्हा ही फुशारकी सोडलेली बरी.

संथ म्हणून सोपं, असंही अनेकांना वाटतं. त्यांनी बादुआनजिन या चिगोंगच्या आठ प्रकारांच्या संचामधला धनुष्य ओढण्याचा प्रकार करून पाहावा. पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून, पाठ ताठ ठेवायची. एक हात बाजूला ताणायचा आणि दुसऱ्यानं काल्पनिक दोरी खेचायची. मिनिटाभरात मांड्या थरथरू लागतात. शेवटच्या, आठव्या प्रकारात टाचा सात वेळा उचलून आपटायच्या. त्यानं शंभर व्याधी पळतात, असं त्याचं नावच सांगतं!

व्याधी पळण्याचं म्हणाल, तर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो तोल सावरण्याबाबत. चिगोंगचं भावंड असलेल्या ताइ चीचा प्रयोग 195 पार्किन्सन्स रुग्णांवर झाला. त्याचे निष्कर्ष 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आठवड्यातून दोनदा, 24 आठवडे ताइ ची करणाऱ्यांचा तोल वेगळे व्यायाम करणाऱ्या इतर दोन गटांपेक्षा सुधारला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. कर्करोग बरा होतो याला मात्र पुरावा नाही. चालू औषधं बंद करायला लावणारा शिक्षक दिसला, तर तिथून काढता पाय घ्यावा.

राहिली गुरूच्या तळहातातून निघते असं सांगितलं जाणारी ऊर्जा. 1980च्या दशकात चीनमध्ये या वेडाला ऊत आला होता. दूर बसून पाण्याची रेणूरचना बदलल्याचे दावेसुद्धा झाले. पुढे सीमा नान हा पत्रकार तेच ‘चमत्कार’ हातचलाखीनं करून दाखवी. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनवाले करतात, अगदी तसंच.

‘साइड इफेक्ट शून्य’ हेही अर्धसत्य. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 1994च्या सूचीत चिगोंगनंतर होणाऱ्या तात्पुरत्या भ्रमाची नोंद होती. बागेत पंधरा मिनिटं हातपाय हलवणाऱ्यानं त्याची धास्ती घेऊ नये. धोका जास्त आहे तो साधनेच्या पार आहारी गेलेल्यांना.