जोड कुणाशी कुणाची?

“बाजीप्रभू आणि तानाजी समोरासमोर उभे ठाकले असते, तर कोण जिंकले असते?” महाविद्यालयाच्या आवारात परवा विद्यार्थ्यांच्या एका घोळक्यात हा वाद मोठ्या हिरिरीने चालला होता. एकाने २०२५ च्या ‘छावा’मधील संभाजीराजांना मैदानात उतरविले, दुसऱ्याने ‘बाहुबली’ला. बाहुबली हा काल्पनिक राज्याचा काल्पनिक राजपुत्र. पण वादाच्या भरात इतिहास आणि कल्पना यांमधील कुंपण केव्हाच मोडले होते. गंमत अशी, की २०२२ च्या ‘पावनखिंड’मधील बाजीप्रभू आणि २०२३ च्या ‘सुभेदार’मधील तानाजी ही दोन्ही कामे अजय पूरकर या एकाच नटाने केली आहेत. म्हणजे ही कुस्ती लागलीच, तर त्यांना स्वतःशीच झुंजावे लागेल!

तरुणांच्या या खेळाला नाके मुरडण्याचे कारण नाही. कोल्हापूरकरांना तर तो अधिकारच नाही. बाबूराव पेंटरांनी तानाजीचा पराक्रम ‘सिंहगड’ या मूकपटातून १९२३ साली पडद्यावर आणला, तो याच गावात. पुढे भालजी पेंढारकरांनी १९५६ मध्ये ‘पावनखिंड’ काढला. ढाल-तलवारीच्या द्वंद्वावर आमच्या पिढ्या पोसल्या गेल्या आहेत. चित्रपटाला द्वंद्व लागतेच. वेढा, रसद, हेरांची बातमी, पावसाने निसरडी झालेली वाट या गोष्टी पडद्यावर लवकर कंटाळा आणतात. दोन वीरांची झुंज मात्र शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही कळते.

प्रश्न आहे तो मापाचा. खासबागेच्या मैदानाची सवय असलेल्या या गावाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. जोड लावताना वस्ताद वजन पाहतो, वय पाहतो, मेहनत आणि अनुभव पाहतो. ज्यांना एकाच मापाने मोजता येत नाही, त्यांची जोड जाणता वस्ताद लावीत नाही. अर्थशास्त्रातही दोन वस्तूंची तुलना करावयाची, तर आधी समान परिमाण ठरवावे लागते. मग पराक्रमाचे परिमाण कोणते? प्रतिस्पर्ध्याला चितपट करणे हेच काय?

तसे असेल, तर आपल्याच जिल्ह्यातील सर्वांत मोठा पराक्रम त्या मापात बसत नाही. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेला वेढा चार महिने चालला. राजापूरच्या इंग्रजांनी तोफगोळ्यांनिशी त्याला साहाय्य केले. १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज भर पावसात गडाबाहेर पडले, विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल सेनेतील मावळे पाठलागावरील फौजेला आडवे झाले. त्यांना शत्रूचा निःपात करावयाचा नव्हता. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत वेळ मिळवून द्यावयाचा होता. तिकडे विशाळगडाच्या पायथ्याशीही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता. तो फोडूनच महाराजांना गडावर जावे लागले. बाजीप्रभू पडले, पण काम फत्ते झाले. त्या दिवसाचा हिशेब किती शत्रू मारले यात होत नाही, किती वेळ खिंड धरली यात होतो. तानाजीही १६७० मध्ये उदेभानाशी लढताना पडला, आणि गड स्वराज्यात आला. द्वंद्वाच्या पंचाने दोघांच्या नावापुढे काय लिहावे?

त्याच रात्रीचा आणखी एक मानकरी आहे. शिवा काशीद दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात बसला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला, असे परंपरा सांगते. विद्यार्थ्यांच्या त्या वादात त्याचे नाव कुणी घेतले नाही. कसे घ्यावे? मरण ठाऊक असून तो पालखीत बसला. या धैर्याशी जोड कुणाची लावणार? पालखीचे भोई, वाट दाखविणारे, चार महिने गडावर धान्य पुरवून वापरणारे हे तर त्याहूनही मागे राहतात. वीराला एकटे काढून मैदानात उभे केले, की ज्यांच्या आधारावर तो उभा होता ते सारे गळून पडतात.

येथवर हा खेळच आहे. पण तो नेहमी खेळ राहत नाही. २०२२ साली ‘हर हर महादेव’ या चित्रपटात शिवराय आणि बाजीप्रभू यांच्यातच लढाई दाखविल्याचा आक्षेप घेतला गेला आणि महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. आपल्याकडे वीर हा बहुधा कुणाच्या तरी गावाचा, घराण्याचा, जातीचा मानला जातो. ‘तुझा मोठा की माझा मोठा’ येथून सुरू झालेली गोष्ट ‘तुम्ही कोण आणि आम्ही कोण’ येथे येण्यास फार वेळ लागत नाही. जी माणसे एका कार्यासाठी खांद्याला खांदा लावून लढली, त्यांच्या नावाने त्यांच्या वारसांनी एकमेकांविरुद्ध दंड थोपटावेत, यासारखी विसंगती दुसरी नसेल.

विद्यार्थ्यांना मी उत्तर दिले नाही, एक सुचविले. दरवर्षी जुलैमध्ये पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत तरुणांच्या पदयात्रा निघतात. एकदा तो चिखल तुडवावा, ते ओढे ओलांडावेत. निघण्यापूर्वी पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याबरोबर शिवा काशीदचा पुतळाही पाहून घ्यावा. खिंडीत पोहोचल्यावर कोण जिंकले असते, हे विचारावेसे वाटले तर जरूर विचारावे. मला वाटते, तेथे दुसराच प्रश्न सुचेल: आपण कुणासाठी, किती वेळ उभे राहिलो असतो?