अल्प खर्चातील गॉथ वेशभूषा : टंचाई, हस्तकौशल्य आणि काळा रंग

प्रास्ताविक

वेशभूषेचा अभ्यास आपल्याकडे बहुधा प्रादेशिक पोशाख, विणकामाच्या परंपरा आणि अलंकार यांच्यापुरता मर्यादित राहिला आहे. तरुणांच्या उपसंस्कृतींचा पोशाख हा विषय ‘फॅशन’ या एका शब्दाखाली बाजूला सारला जातो. प्रस्तुत लेखात ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस उदयास आलेल्या गॉथ उपसंस्कृतीच्या वेशभूषेचा विचार केवळ आर्थिक अंगाने करण्याचा प्रयत्न केला आहे. काळी मखमल, लेसच्या बाह्या, चांदीसारखे दिसणारे क्रूस, पांढरा फटक चेहरा आणि काजळाने माखलेले डोळे असा हा वेश प्रथमदर्शनी सरंजामी व खर्चिक भासतो. वस्तुतः तो खिशात फारसा पैसा नसलेल्या तरुणांनी घडविला असून त्याची कित्येक वैशिष्ट्ये त्या टंचाईतूनच निर्माण झाली आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उगमाची परिस्थिती

गॉथ संगीत आणि पोशाख या दोहोंचे मूळ १९७६-७७ च्या पंक चळवळीत आहे. पंकचा आवेश ओसरल्यानंतर काही वाद्यवृंद अधिक उदास, संथ आणि गूढ स्वरांकडे वळले. नॉर्दम्प्टनच्या ‘बाउहाउस’ या वृंदाची ‘बेला लुगोसीज डेड’ ही ध्वनिमुद्रिका १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. लीड्समध्ये १९८० मध्ये ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ स्थापन झाला. जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ हा क्लब सुरू झाला. त्याच वर्षाच्या प्रारंभी ब्रिटनमधील नोंदणीकृत बेकारांची संख्या ३० लाखांच्या पुढे गेली होती, ही बाब संगीताच्या इतिहासात बहुधा तळटीपेतही येत नाही. या क्लबांत जाणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकजण बेकारभत्त्यावर किंवा विद्यार्थी-अनुदानावर दिवस काढीत होते. नामांकित दुकानांतील पंक पोशाख त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. परिणामी धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकाने, चर्चच्या सभागृहांत भरणारी जुन्या वस्तूंची विक्री, लष्करातील शिल्लक मालाची दुकाने आणि आजीआजोबांच्या माळ्यावरील पेट्या हेच त्यांचे बाजार ठरले.

डिक हेब्डिज यांनी १९७९ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात उपसंस्कृतीची शैली ही हाताशी असलेल्या वस्तूंना नव्या संदर्भात मांडण्याची क्रिया आहे, असे प्रतिपादन केले. परंतु त्या वस्तू येतात कोठून, हा साधा प्रश्न अँजेला मॅक्रॉबी यांनी पुढे आणला. जुन्या कपड्यांच्या बाजारावरील त्यांचा निबंध १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. शैलीच्या चिन्हांचा अर्थ लावणाऱ्या अभ्यासकांनी त्या चिन्हांच्या खरेदी-विक्रीकडे दुर्लक्ष केले होते, हे त्यांचे निरीक्षण आजही मोलाचे वाटते. येथे एक गोष्ट मात्र नमूद करावीशी वाटते. ज्याला बालपणी नाइलाजाने दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालावे लागले, त्याला जुन्या कपड्यांत काव्य दिसेलच असे नाही. टंचाईची शैली होण्यासाठी निवडीचे थोडेतरी स्वातंत्र्य असावे लागते.

काळ्या रंगाचे अर्थकारण

मराठी मनाला काळा रंग अशुभ, पण संक्रांतीची चंद्रकळा मात्र हवीहवीशी वाटते. ब्रिटनमध्ये या रंगाचा संबंध प्राधान्याने शोकाशी आहे. १८६१ मध्ये पती अल्बर्ट यांच्या निधनानंतर राणी व्हिक्टोरियाने १९०१ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत काळी वस्त्रे सोडली नाहीत. श्रीमंतांच्या शोकवस्त्रांसाठी लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ पासून जे यांचे स्वतंत्र भांडार होते. गरीब कुटुंबे मात्र नित्याचेच कपडे काळ्या रंगात बुडवून काढीत. व्हिटबी येथील अस्सल जेट या काळ्या द्रव्याचे दागिने ज्यांना परवडत नसत, त्या स्त्रिया काळ्या काचेचे मणी वापरीत. गॉथ तरुणांनी व्हिक्टोरियन काळाकडून केवळ शोकाचे रूप घेतले असे मानले जाते; प्रत्यक्षात गरिबांची रंगाची हंडी आणि नकली मणीही नकळत त्यांच्याकडे आले.

रंगविण्याची ही क्रिया जितकी सोपी समजली जाते तितकी ती नाही. घरगुती वापराचा सर्वसाधारण रंग सुती, लिनन व व्हिस्कोस या वनस्पतीजन्य तंतूंना धरतो. पॉलिस्टर तो जवळजवळ स्वीकारतच नाही. त्यामुळे जुन्या दुकानातील कपड्याच्या आतील चिठ्ठी वाचणे ही काटकसरीची पहिली पायरी ठरते. शुद्ध सुती पांढरा झगा काळा होतो, तर निम्मे पॉलिस्टर असलेला सदरा फिकट राखाडी होऊन राहतो. कपडा सुती असूनही त्याची शिलाई पॉलिस्टरच्या दोऱ्याची असेल तर सर्व शिवणी पांढऱ्या रेघांसारख्या उठून दिसतात. रंगाचे प्रमाण कोरड्या कापडाच्या वजनावर ठरते आणि गडद काळ्यासाठी ते इतर छटांपेक्षा बरेच अधिक लागते. सुती कापडासाठी पाण्यात मीठ घातले असता रंगाचे कण तंतूंकडे अधिक ओढले जातात. भांडे लहान असेल किंवा कपडा सतत हलविला नाही तर डाग पडतात. मूळ कपडा तांबडा असल्यास काळ्यात तपकिरी झाक उरते. पुढेही असा कपडा वेगळा, उलटा करून, थंड पाण्यात धुवावा व सावलीत वाळवावा लागतो. व्हिनेगरमुळे सुती कपड्यावरील रंग पक्का होतो, हा समज मात्र निराधार आहे.

एवढे करूनही दोन कपड्यांचा काळा क्वचितच जुळतो. एक निळसर, दुसरा हिरवट, तिसरा विटका. एकावर एक थर चढविण्याची, मखमलीवर जाळी व जाळीवर लेस घेण्याची गॉथ रीत येथे उपयोगी पडते. पोत निरनिराळे असले की छटांतील विसंगती दोष न वाटता हेतुपूर्वक साधल्यासारखी दिसते. मखमल बहुधा जुन्या पडद्यांतून मिळे. आजीचा रात्रीचा झगा वा पेटीकोट रंगवून पोशाख होई. फाटके जाळीदार मोजे टाकून न देता, पायांच्या टोकांशी कापून व मध्ये डोक्यापुरते भोक पाडून ते अंगात घालीत, म्हणजे त्याच्याच बाह्या होत. आजोबांच्या कोटाची बटणे बदलली की त्याचे रूप पालटे. केस उभे राहण्यासाठी साबण किंवा साखरेचे पाणी पुरत असे.

पादत्राणे मात्र घरी करता येत नाहीत. म्हणून काटकसरीने वागणारे गॉथ थोडाफार पैसा बुटांवरच खर्च करीत. १९६० पासून इंग्लंडमध्ये बनू लागलेले डॉक्टर मार्टेन्स बूट मुळात कामगारांचे, टिकाऊ आणि बेताच्या किमतीचे होते. पुढे ते महागडे झाले, हा बाजाराचा विनोदच म्हणावा लागेल.

तयार मालाचे आगमन

कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘हॉट टॉपिक’सारख्या दुकानसाखळीने तरुणांच्या उपसंस्कृतींची वेशभूषा बाजारपेठेतील तयार वस्तू बनविली. सारा थॉर्नटन यांनी १९९५ मध्ये मांडलेली ‘उपसांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते : समूहातील प्रतिष्ठा पैशावर नव्हे, तर जाणकारीवर ठरते. या मोजमापात विकत आणलेल्या झग्यापेक्षा स्वतः रंगविलेला झगा वरचढ असतो. पॉल हॉडकिन्सन यांनी २००२ मधील आपल्या गॉथविषयक ग्रंथात मात्र दाखवून दिले, की या समूहातीलच लहान व्यावसायिक, दुकानदार व कार्यक्रम-आयोजक यांच्यावाचून ही उपसंस्कृती टिकली नसती. म्हणजे बाजार सर्वस्वी परका नव्हता. आज खरी अडचण निराळी आहे. स्वस्त तयार काळा कपडा बहुधा पॉलिस्टरचा असतो. तो विटला वा नवी छटा हवी झाली, तरी साध्या घरगुती रंगाने पुन्हा रंगविता येत नाही. कमी किमतीचा हा कपडा दुरुस्तीच्या परंपरेतूनच बाहेर पडला आहे.

न मोजलेली किंमत

अशा पोशाखाच्या खर्चाचा विचार केवळ पैशात करता येत नाही. तो धारण करणारी व्यक्ती रस्त्यावर ठळकपणे दिसते. ऑगस्ट २००७ मध्ये लँकेशायरमधील बेकप या गावी सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची तरुणी आणि तिचा मित्र यांच्यावर एका उद्यानात किशोरवयीन मुलांच्या टोळक्याने हल्ला केला. काही दिवसांनी सोफीचा रुग्णालयात मृत्यू झाला. दोघांचा अपराध इतकाच, की त्यांचा वेश गॉथ होता. २००८ मध्ये शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी हा द्वेषमूलक गुन्हा असल्याचे स्पष्ट केले. एप्रिल २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टर पोलीस दल अशा उपसंस्कृतींतील व्यक्तींवरील हल्ल्यांची नोंद द्वेषगुन्हे म्हणून करू लागले. वंश, धर्म, लैंगिक कल, पारलिंगी ओळख आणि अपंगत्व या पाच मान्य आधारांत मात्र पोशाखाला त्या वेळी स्थान नव्हते.