विश्लेषण : अंतराळयुद्धात नेम साधणे इतके अवघड का?

'स्टार वॉर्स' (१९७७) चित्रपटाच्या शेवटी ल्यूक स्कायवॉकर नेम धरणारा संगणक बंद करतो आणि 'फोर्स'च्या भरवशावर अचूक मारा करतो. पडद्यावर हे थरारक वाटते. खऱ्या अंतराळात मात्र संगणकाशिवाय नेम लागणे जवळपास अशक्य. असे का?

दिसते तिथे यान नसते?

प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किमी. शत्रूचे यान ३ लाख किमीवर असेल, तर आपल्याला ते एका सेकंदापूर्वी जिथे होते तिथे दिसते. त्यावर सोडलेला लेझर पोहोचायला आणखी एक सेकंद. या दोन सेकंदांत यानाने पृथ्वीच्या गुरुत्वाएवढ्या प्रवेगाने बगल दिली, तर ते सुमारे २० मीटर सरकते. अंतर दहापट झाले, तर चूक जवळपास २ किमीची होते.

मग उपाय काय?

शस्त्रालाच डोळे आणि मेंदू देणे. लक्ष्य जवळ येईल तशी माहिती ताजी होते आणि क्षेपणास्त्र मार्ग सुधारते. 'द एक्सपान्स' मालिकेतील टॉर्पेडो असाच पाठलाग करतात. पण हवा नसल्याने पंखांचा उपयोग नाही. वळायला इंधन लागते. ते संपले की क्षेपणास्त्र म्हणजे नुसता भिरकावलेला दगड!

प्रत्यक्षात असे घडले आहे?

'नासा'चे 'डार्ट' यान शस्त्र नव्हते, पण प्रश्न हाच होता. २६ सप्टेंबर २०२२ रोजी सुमारे १.१ कोटी किमीवरील डायमॉर्फस या जेमतेम १६० मीटरच्या लघुग्रहावर ते सेकंदाला सुमारे ६ किमी वेगाने आदळले. पृथ्वीवरून संदेश पोहोचायलाच अर्धा मिनिटाहून अधिक वेळ लागत असल्याने शेवटचे चार तास यानाने स्वतःच दिशा ठरवली. त्याआधी २७ मार्च २०१९ रोजी भारताच्या 'मिशन शक्ती'त क्षेपणास्त्राने सुमारे ३०० किमी उंचीवरील आपलाच उपग्रह थेट धडकेने पाडला.

कळीचा मुद्दा कोणता?

डायमॉर्फसने बगल दिली नाही. शत्रूचे यान देईल. अंतर जितके जास्त, तितका शेवटच्या क्षणीचा निर्णय माणसाच्या हातून यंत्राकडे जातो. १९६७ च्या बाह्य अवकाश करारात कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास मनाई आहे. यंत्राच्या या निर्णयाबद्दल मात्र त्यात काहीच नाही.