स्वस्त पैंजण आणि टंचाचा हिशेब

हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत चांदीचं काम एका कारखान्यात होत नाही, ते घराघरांत होतं. कुणाकडे आटणी, कुणाकडे तार ओढणं, कुणाकडे पॉलिश. कड्या जोडणं आणि घुंगरं लावणं हे काम तर कितीतरी बायका स्वयंपाकपाणी उरकून घरातच करतात. शेजारच्या रेंदाळ, यळगूडमध्येही हेच चालतं. इथले पैंजण देशभर जातात. तरी लग्नसराई आली की आमच्याच भागातली माणसं विचारतात, मोबाइलवर एवढे स्वस्त मिळतात, मग सराफाकडे कशाला जायचं? या प्रश्नाभोवती बरेच गैरसमज आहेत, आणि ते दोन्ही बाजूंचे आहेत.

ऑनलाइन पैंजण स्वस्त असतात, हा त्यातला सर्वांत महागात पडणारा. चांदीच्या दागिन्याची किंमत तीन गोष्टींतून बनते: त्यातली शुद्ध चांदी, मजुरी आणि वर 3 टक्के जीएसटी. हिशेबापुरता चांदीचा दर ग्रॅमला 200 रुपये धरू. 100 ग्रॅमचे पैंजण 92.5 टंचाचे, म्हणजे 92.5 टक्के शुद्ध चांदीचे, असतील तर त्यात 18,500 रुपयांची चांदी आहे. तेच 65 टंचाचे असतील तर 13,000 रुपयांची. दिसायला दोन्ही सारखेच, पण फरक साडेपाच हजारांचा. जोड स्वस्त दिसला तर हा फरक टंचात आहे की मजुरीत, हे आधी शोधायचं. मीना किंवा खडे असतील तर त्यांचं वजन वगळून चांदीचं निव्वळ वजन किती, तेही विचारायचं. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाला भुलू नका. त्यात चांदी मुळीच नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. ‘सिल्व्हर प्लेटेड’ म्हणजे दुसऱ्या धातूवर चांदीचा नुसता पातळ थर.

दुसरा गैरसमज ठशाचा. आत 925 कोरलेलं दिसलं की लोक त्याला हॉलमार्क समजतात. नुसता आकडा कुणीही उठवू शकतो. खऱ्या हॉलमार्कमध्ये भारतीय मानक ब्यूरोची खूण, शुद्धतेची श्रेणी आणि 1 सप्टेंबर 2025 पासून सहा अक्षरांकांचा एचयूआयडी असतो. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. पण सोन्यासारखी चांदीला हॉलमार्कची सक्ती अजून नाही, हॉलमार्क ऐच्छिक आहे. शिवाय सर्वांत खालची श्रेणी 800 ची, म्हणजे 80 टंचाची; 65 टंचाच्या पैंजणाला हॉलमार्क मिळूच शकत नाही. म्हणून दुकान ओळखीचं असो वा मोबाइलमधलं, टंच बिलावर लिहून घ्यावा. ‘आपला माणूस आहे’ म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर व्यवहार करणं मला पटत नाही.

पैंजण काळे पडले म्हणजे चांदी खोटी, हेही चूक. हवेतल्या आणि घामातल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर काळा थर चढतो. शुद्ध चांदीलाही तो चुकत नाही.

‘हुपरीचे’ म्हणजे शुद्धच, असंही नाही. मी इथला असूनही हे सांगायला हवं. हुपरीत मागणीप्रमाणे वेगवेगळ्या टंचाचा माल बनतो. निव्वळ चांदी मऊ असते, रोजच्या चालण्यात कड्या ताणल्या जातात, म्हणून त्यात तांबं मिसळावंच लागतं. हुपरीचं नाव कारागिरीची ओळख सांगतं; शुद्धता टंचच सांगतो.

जवळच्या दुकानाचा खरा उपयोग खरेदीनंतर कळतो. पैंजण म्हणजे शेकडो सांधे. एखादी कडी उघडते, घुंगरू गळतं, स्क्रू ढिला होतो. बाळाच्या पायाला वाळे तर वर्षभरही पुरत नाहीत. जवळचा सराफ कडी वाढवतो, डाख देतो, घुंगरू बसवतो. तुटलेला जोड कुरिअरने पाठवून दुरुस्त होऊन यायची वाट पाहणं फार थोड्यांना जमतं. मोडीचंही तसंच. ज्याने विकलं तो आपल्या बिलावरचा टंच मान्य करतो. परका सराफ आधी तपासतो, मग घट धरतो. तरीही ऑनलाइनच घ्यायचं असेल, तर लक्षात ठेवा, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि परतीच्या अटी दाखवणं बंधनकारक आहे. ते दिसत नसेल तर खरेदी करू नये.

ऑनलाइन घेतलं की हुपरीचा कारागीर बुडतो, ही समजूत मात्र अर्धीच खरी. हुपरी पूर्वीपासून घाऊक मालाचं गाव आहे. मोबाइलवर दिसणारा जोडही इथलाच असू शकतो. कारागिराला जास्त झळ लागते ती वजन घटल्याने. 2025 मध्ये चांदी किलोला एक लाखाच्या खालून दोन लाखांच्या पुढे गेली आणि गिऱ्हाईक हलके पैंजण मागू लागलं. मजुरी वजनावर ठरत असेल, तर 50 ग्रॅमच्या जोडाला 100 ग्रॅमच्या निम्मी मिळते. कड्या मात्र जवळपास तेवढ्याच जोडाव्या लागतात, आणि त्या बारीक असल्याने डोळ्यांना ताणही जास्त. नाजूक पैंजणाची मजुरी ग्रॅममागे जास्त सांगतात, ती या कड्यांची असते.