इवल्या जिवांवरील पिसवा

आपल्या माळ्यावर मांजर व्याली असेल, तर पिल्लांच्या अंगावरील पिसवांकडे दुर्लक्ष करू नये. त्या रक्त शोषतात. इवल्याशा देहातील रक्त घटून पिल्लू दगावूही शकते. हिरड्या फिकट दिसल्या अथवा पिल्लाने दूध सोडले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरांना विषारी ठरते. म्हणून मनाने कोणतेही औषध लावू नये. उवांच्या फणीने पिसवा हलकेच विंचरून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. पिल्लांना ऊब द्यावी, त्यांचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे आणि त्यांच्या आईवरही पशुवैद्यांकडून उपचार करवून घ्यावेत. पिसवा माणसांनाही चावतात; मधुमेही ज्येष्ठांनी खाजवून जखम होऊ देऊ नये. नजर अधू असल्यास फणी घरातील तरुण हाती सोपवावी. देखरेख मात्र आपली असावी.