पठारावरच्या पळवाटा

धुळे–सोलापूर महामार्गानं बीडहून दक्षिणेला निघालं की पालीजवळ बिंदुसरा धरण दिसतं, मग घाट लागतो, आणि घाट संपला की मांजरसुंबा. बहुतेकांच्या लेखी हे गाव म्हणजे चौक. नगरकडून अंबाजोगाईला जाणारा रस्ता इथं महामार्गाला छेदतो. ट्रॅव्हल्स थांबतात, चहा होतो, गाड्या पुढं जातात. पण चौकाकडं पाठ करून कोणत्याही बाजूला अर्धा किलोमीटर चाललात की हॉर्न मागं पडतात आणि पायाखाली मुरूम येतो. पळणाऱ्या माणसाला मराठवाड्यात याहून चांगला मुलूख मिळेल असं मला वाटत नाही. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी एकदा कार्तिकात इथं येऊन पळून बघावं.

कार्तिकच का? बीड जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. आषाढ-श्रावणात काळ्या रानातून पळायचं म्हणजे प्रत्येक पावलाला बुटाखाली मातीचा एक थर चढतो आणि शंभर पावलांत पाय उचलेनासे होतात. वैशाखात सकाळी आठनंतर बाहेर पडणं शहाणपणाचं नाही. दिवाळीच्या सुमाराला मात्र सोयाबीन निघालेलं असतं, तूर पिवळ्या फुलावर असते, शाळू वीतभर वर आलेला असतो आणि पहाटे अंगावर काटा येईल इतपत गारवा असतो. डोंगरउतारावर सीताफळं शेवटच्या तोडणीला आलेली असतात. बालाघाटातलं हे सीताफळ साधं नव्हे, 2016 मध्ये त्याला बीडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पळून आल्यावर बांधावर बसून पिकलेलं सीताफळ फोडून खाणं, यापुढं पाकिटातलं ते एनर्जी जेल कुणाला आठवेल?

पहिली वाट कपिलधारची. गावाच्या जवळच दरीत मन्मथस्वामींची समाधी आहे. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ लिहिणारे हे संत वीरशैव समाजाचं मोठं श्रद्धास्थान. शेजारीच धबधबा. कार्तिक पौर्णिमेला इथं यात्रा भरते, आणि लातूर, नांदेड, सोलापूर, पार कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या पायी येतात. म्हणजे लांब अंतर पायांनी कापण्याची परंपरा या मातीत आपल्या मॅरेथॉनवाल्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. यात्रेच्या आठवड्यात इथं पळायला जाऊ नये. वाट दिंडीची असते आणि आपण तिथं अडगळ होतो. एरवी पहाटे ही वाट मोकळी असते. जाताना उतार, येताना चढ, आणि गोम इथंच आहे. ताज्या दमात उतारावर माणूस सुसाट सुटतो, मांड्या ब्रेक लावून लावून भरून येतात आणि परतीच्या चढाला गुडघे बोलायला लागतात. उतरताना पाऊल आखूड ठेवावं, टाच आपटू नये. चढताना नजर चार-पाच पावलांच्या पुढं टाकू नये. माथा किती लांब आहे ते बघितलं की दम आधी छातीत नाही, डोक्यात लागतो.

दुसरी वाट पश्चिमेला, लिंबागणेशच्या अंगानं. डांबरी रस्ता सोडून माळावर चढलं की पवनचक्क्या दिसू लागतात. या पठारावर वारा बारा महिने असतो, म्हणून त्या इथं आल्या. त्यांच्याकडं जाणारे मुरुमाचे रुंद रस्ते पळायला उत्तम. पाऊस पडून गेला तरी दुसऱ्या दिवशी कोरडे, चढ बेताचा, वाहन क्वचित. रस्ता खासगी आहे की गावचा, एवढं तेवढं विचारून घ्यावं. आणि वाऱ्याचा एक नियम पाळावा. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, येताना पाठीवर. उलटं केलं की शेवटचे दोन किलोमीटर पाचासारखे होतात.

हे पठार म्हणजे पाणलोटाची वरवंडी आहे. उत्तर उताराचं पाणी बिंदुसरेत जातं. बिंदुसरा बीड शहरातून वाहत सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा मंजरथला गोदावरीला. याच डोंगररांगेत पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते. ती उलट्या दिशेला निघून, तीन राज्यांतून सातशेवर किलोमीटर हिंडून, तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते. पळता पळता एका पावलाचं पाणी इकडं आणि दुसऱ्याचं तिकडं जाणार, हे माहीत असलं की ओसाड वाटणारा माळही ओसाड राहत नाही. आणखी पश्चिमेला, पाटोदा तालुक्यातच, नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तिथं आत पळत सुटू नये, तो मोरांचा इलाखा आहे. पण मोरांना हद्द कळत नाही. पहाटे शेताच्या बांधावरही ते भेटतात.

आता पुस्तकात नसलेल्या दोन गोष्टी. एक, कुसळ. कार्तिकात गवत वाळलं की त्याची कुसळं मोज्यात शिरतात. बाहेरून ओढून निघत नाहीत, कारण काटा उलटा असतो. मोजा काढायचा, उलटा करायचा आणि आतल्या बाजूनं टोक धरून उपसायचं. सपाट तळव्याचे गुळगुळीत बूट घातले तर कुसळ परवडलं, पण सराटे रुततात. दोन, शेतवस्तीवरची कुत्री. पळणारा माणूस त्यांच्या हिशेबी चोर. थांबायचं, चालायचं, धन्याला हाक मारायची. धनी बाहेर येतो, कुत्र्याला हाड् करतो आणि आपल्याला विचारतो, ‘‘कामून पळायलात? कोण लागलंय मागं?’’

प्रश्नात थट्टा असते, पण या जिल्ह्यात पळणं तसं नवलाचं नाही. पहाटे पाचला रस्त्याच्या कडेला दिसणारी पोरं भरतीची तयारी करणारी असतात. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावावं लागतं, आणि सेकंदांवर गुण ठरतात. कोरडवाहू दोन-चार एकरांत घर चालत नाही. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. कोयता चुकवायचा तर भरती, हा हिशेब इथल्या घराघरांत ठाऊक आहे. मला खटकतं ते एवढंच, की ही पोरं महामार्गाच्या कडेनं, अंधारात, भरधाव ट्रकांच्या वाऱ्यात पळतात. डांबर सपाट असतं, किलोमीटरचे दगड असतात, अंतर मोजता येतं, हे खरं. पण तिथं जीवाला धोका आहे आणि कठीण डांबरानं नडग्या दुखावतात त्या वेगळ्या.

याच बालाघाटच्या पश्चिम टोकाला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्यात, 1994 मध्ये अविनाश साबळे जन्मला. शाळा सहा किलोमीटरवर, वाहनाची सोय नाही. मग चालत नाहीतर पळत. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनची थंडी, राजस्थानचं वाळवंट, मग क्रॉसकंट्री आणि तिथून 3000 मीटर स्टीपलचेस. 2018 मध्ये त्यानं गोपाल सैनी यांचा 37 वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम, आणि महिन्याभरानं त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी. ती गाठणारा या प्रकारातला तो पहिला भारतीय पुरुष.

स्टीपलचेस म्हणजे तरी काय? इंग्लंड-आयर्लंडात एका गावच्या चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या गावच्या शिखरापर्यंत, मधले ओढे आणि कुंपणं ओलांडत शर्यती होत. पुढं ती रानवाट मैदानात आली. ओढ्याचा पाण्याचा खड्डा झाला, कुंपणाचा लाकडी अडथळा. 28 अडथळे, 7 पाणउड्या. बांध आणि ओढे ओलांडत शाळेला जाणाऱ्या पोराला हा खेळ परका वाटायचं कारण नव्हतं.

ज्या फ्रान्समध्ये तो विक्रम झाला, तिथल्या खेड्यांतली एक व्यवस्था आपण उचलावी अशी आहे. तिथं 1947 पासून लांब पल्ल्याच्या पायवाटांवर झाडाला, दगडाला, खांबाला लाल-पांढरे पट्टे रंगवतात. गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांना पिवळा पट्टा. खुणा रंगवायचं काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. पाहुणा गावात येतो, पट्टे बघत दहा किलोमीटर फिरतो किंवा पळतो आणि गावातच जेवतो. नवा रस्ता कुणी बांधलेला नसतो. शेताकडं जाणाऱ्या जुन्याच वाटा.

तशा वाटा आपल्याकडंही आहेत, आणि नकाशावर आहेत. तलाठ्याकडचा गावनकाशा उघडा. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग. रानात गेलं की मात्र रेघ सापडत नाही, कारण दोन्हीकडच्या बांधांनी ती खाल्लेली असते. दरवर्षी नांगराचं एक तास आत, आणि वीस वर्षांत पांदण संपते. मग तुरीतून बैलगाडी न्यायची कशी म्हणून भाऊबंदकी, तहसीलच्या चकरा. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदार असा अडवलेला रस्ता मोकळा करू शकतात. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महसूल अधिनियमाचं कलम 143 आहे. मे 2025 मध्ये शासनानं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचा निर्णयही केला. कायदा कमी पडत नाही. कमी पडते ती दोन शेजाऱ्यांची तयारी.

पळणाऱ्यांचा स्वार्थ इथं शेतकऱ्याच्या गरजेशी जुळतो. ज्या पांदणीतून ट्रॅक्टर जाईल, तिच्यातून भरतीची पोरं पहाटे निर्धास्त पळतील. कपिलधारचा भाविक आणि सुट्टीला आलेला पुण्या-मुंबईचा पाहुणाही तिथून जाईल. खर्च म्हणाल तर पिवळ्या रंगाचे चार-दोन डबे, काही दगड आणि मोजपट्टी. दर किलोमीटरला एक खूण केली, की पोरांना डांबराकडं जायचं कारण उरत नाही.

मांजरसुंबा आणि आसपासच्या गावच्या सरपंचांना, तरुण मंडळांना एवढीच विनंती आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत गावनकाशा भिंतीवर लावा, एक पांदण निवडा, ती मोकळी करण्याचा ठराव घ्या आणि भरतीच्या पोरांकडूनच खुणा रंगवून घ्या.